भाषांचे वाद आणि शिरूर-दौंडचा शिक्षक

२०२५ सालच्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत महाराष्ट्रात शालेय भाषांच्या प्रश्नावर जेवढी शाई खर्ची पडली, तेवढी त्यापूर्वीच्या पंचवीस वर्षांत क्वचितच पडली असेल. १६ एप्रिल रोजी शासनाने पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून सक्तीची करण्याचा निर्णय काढला. १७ जून रोजी त्यातील सक्तीची भाषा मवाळ करण्यात आली. आणि चोहोबाजूंच्या विरोधापुढे २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. निर्णय मागे घेतले गेले हे योग्यच झाले. परंतु त्या सबंध गदारोळात एका प्रश्नाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. कोणती भाषा, कोणत्या इयत्तेपासून आणि कोणाच्या हट्टापायी, यावर व्यासपीठे दणाणली. ती भाषा वर्गात उभा राहून शिकविणार कोण, परकी भाषा शिकविण्याची विद्या त्याला कोणी व कधी दिली, आणि पाठ्यपुस्तकाखेरीज त्याच्या हाती काय आहे, याची विचारपूस झाली नाही.

हा प्रश्न काल्पनिक नाही. पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे दोन शेजारी तालुके घेऊ. भीमा आणि घोड या नद्यांच्या काठचे हे तालुके पूर्वी ज्वारी-बाजरीचे आणि पुढे उसाचे म्हणून ओळखले जात. आज नगर रस्त्याने कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर अशी कारखान्यांची ओळ रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत जाऊन पोहोचली आहे, तर सोलापूरच्या बाजूला कुरकुंभ येथे रासायनिक कारखाने उभे आहेत. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेला कामगार पत्र्याच्या खोल्यांतून कुटुंबासह राहतो. केडगाव-यवतच्या पट्ट्यात गुऱ्हाळांवर उत्तर प्रदेशातील मजूर राबतात. दौंड हे तर रेल्वेचे जुने जंक्शन. तेथील वस्तीच्या कानांवर अनेक प्रांतांच्या भाषा पिढ्यान्‌पिढ्या पडत आल्या आहेत. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून टोळ्या येतात. त्यांतील बंजारा कुटुंबांची घरची बोली निराळी. आणि या भागात वस्ती करून असलेल्या पारधी समाजाची घरची भाषा मराठी नसून गुजरातीला जवळची आहे, ही गोष्ट तर शेजारच्या गावकऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते.

या सर्वांची मुले जातात कोठे? ज्यांच्या खिशाला परवडते ती इंग्रजी शाळांत जातात. उरलेली, म्हणजे बहुसंख्य, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत येतात. तेथील शिक्षकाने पदविका घेतली तेव्हा त्याला मराठीची अध्यापनपद्धती शिकविण्यात आली होती, पण ती मराठी घरून शिकून आलेल्या मुलांसाठी. मूल शाळेत येते ते भाषा घेऊन येते, शाळेने त्याला फक्त अक्षरे द्यायची असतात, हे त्या पद्धतीचे मूळ गृहीत होते. ते गृहीत रांजणगावच्या वर्गात टिकत नाही. तोच शिक्षक पुढल्या तासाला इंग्रजी शिकवितो. शाळा सेमी-इंग्रजी असेल तर गणितही इंग्रजीतून सांगतो. पाचवीनंतर हिंदी येते. थोडक्यात, हा शिक्षक दिवसाचा मोठा भाग दुसऱ्या भाषेचा शिक्षक असतो. मात्र तो तसा आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही, आणि त्याच्या खात्यालाही ते उमगलेले दिसत नाही.

उमगू नये असे मात्र काही नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरात प्रत्येक मुलाच्या नावापुढे मातृभाषेचा रकाना असतो. दाखला देताना त्यातील नोंद उतरून घेतली जाते आणि रजिस्टर पुन्हा कपाटात जाते. प्रत्येक केंद्रातील शाळांनी या एका रकान्याची बेरीज केली, तर कोणत्या शाळेला कसली मदत हवी याचा नकाशा आठवड्याभरात तयार होईल. प्रशिक्षणाची आखणी करताना हा रकाना विचारात घेतल्याचे आढळत नाही. परिणामी ज्या वाडीत सगळी मुले मराठी आहेत तेथील शिक्षक आणि ज्याच्या वर्गात अर्धी मुले हिंदी वा ओडिया बोलणारी आहेत तो शिक्षक, दोघेही एकाच सभागृहात एकच व्याख्यान ऐकून घरी जातात.

वर्गात नेमके काय घडते, हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. हिंदी आणि मराठी यांची लिपी एक. त्यामुळे बिहारहून आलेले तिसरीचे मूल मराठीचा धडा बऱ्यापैकी मोठ्याने वाचून दाखविते. शिक्षक ‘वाचन येते’ अशी नोंद करतो आणि पुढे सरकतो. वस्तुतः त्या मुलाला अक्षरांचे उच्चार येत असतात. वाक्याचा अर्थ त्याला बहुधा लागलेला नसतो. शब्द ओळखीचे भासतात तेथे तर अधिकच घोटाळा होतो. ‘शिक्षा’ म्हणजे त्याच्या भाषेत विद्या आणि आपल्या भाषेत छडी. ‘खाली’ म्हणजे त्याला रिकामे. गुरुजी ‘खाली बस’ म्हणतात तेव्हा तो भोवती पाहतो. ‘चेष्टा’ हा त्याच्या पुस्तकात प्रयत्न, आपल्या वर्गात टवाळी. ‘आई’ हा शब्द त्याने क्रियापद म्हणून ऐकलेला असतो. त्यापलीकडे मराठीचे स्वतःचे कठीण चढ आहेत. झाड, पुस्तक, घर यांचे नपुंसकलिंग हिंदीत नाही. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला भेद हिंदी बोलणाऱ्याला सहजासहजी कळत नाही. ‘चमचा’ आणि ‘चहा’ यांतील च एकाच अक्षराने लिहितात पण दोन तऱ्हांनी उच्चारतात. मराठी घरातल्या मुलाला हे शिकवावेच लागत नाही, म्हणून मराठी शिक्षकाला ते शिकविण्याजोगे आहे असे वाटत नाही. मातृभाषेचा शिक्षक आणि दुसऱ्या भाषेचा शिक्षक यांच्यातील फरक येथेच आहे. दुसऱ्याला आपली भाषा बाहेरून पाहता यावी लागते, आणि हे पाहणे निव्वळ अनुभवाने येत नाही.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते की, मुले खेळता खेळता भाषा उचलतात, सहा महिन्यांत बोलू लागतात, त्यात प्रशिक्षणाचे अवडंबर कशाला? त्यात तथ्य आहे, पण अर्धे. मैदानावरची भाषा मुले उचलतात. पुस्तकातील भाषा तशी येत नाही. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली या दोहोंतील फरक स्पष्ट करून दाखविला आणि पुढील संशोधनातून असे दिसून आले की, बोलण्याची सफाई दोनेक वर्षांत येते, परंतु अभ्यासाच्या भाषेत स्थानिक मुलांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षे लागतात. पाच ते सात वर्षे म्हणजे प्राथमिक शाळेचा जवळजवळ सगळा काळ. या काळात जे मूल चुरूचुरू बोलते आणि भागाकाराच्या शाब्दिक उदाहरणापाशी मुके होते, त्याला आपण ‘मंद’ ठरवून मोकळे होतो. पारध्यांच्या मुलाच्या बाबतीत तर असा शिक्का मारायला समाज आधीच टपलेला असतो.

गंमत अशी की, परभाषकाला मराठी शिकविण्याची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, १८५७ साली त्याची सुधारलेली आवृत्ती आली. परक्या मुलखात राज्य चालवायला आलेल्यांना मराठी उमजावी, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. १९७५ च्या सुमारास शेजारच्याच फलटणात राहून मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी परभाषकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तके, व्याकरण आणि कोश सिद्ध केले, ते अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने काढले. पुण्यात डेक्कन कॉलेजच्या आवारात १९७० पासून पश्चिम क्षेत्रीय भाषा केंद्र आहे. म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेच्या या केंद्रात इतर राज्यांनी पाठविलेल्या शिक्षकांना दहा महिन्यांच्या अभ्यासक्रमात मराठी शिकविली जाते. अलीकडे मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागात विभा सुराणा यांच्या पुढाकाराने, युरोपीय भाषा ज्या पद्धतीने शिकवितात त्या पद्धतीची ‘मायमराठी’ ही पुस्तके तयार झाली. म्हणजे साहेब, संशोधक, परप्रांतीय शिक्षक आणि शहरातील नोकरदार यांना मराठी कशी शिकवावी याचा विचार आपल्याकडे झाला, आणि चांगला झाला. मजुराच्या सहा वर्षांच्या मुलाला ती कशी शिकवावी, हा विचार मात्र गावच्या गुरुजीवर सोपवून आपण स्वस्थ राहिलो.

पुस्तकांच्या बाबतीत तर विसंगती डोळ्यांत भरते. मराठीखेरीज अन्य माध्यमांच्या शाळांसाठी बालभारतीने ‘सुलभभारती’ ही निराळी पुस्तकमाला काढली, ती मराठी ही घरची भाषा नाही असे समजूनच. इंग्रजी किंवा उर्दू शाळेत गेलेल्या मुलाला हा सुलभ मार्ग मिळाला. त्याच मुलाच्या बापाने ‘इथे राहायचे तर इथल्याच शाळेत जा’ असे म्हणून त्याला मराठी शाळेत घातले, तर त्याच्या हाती पहिल्या भाषेचे पुस्तक पडते. ज्याने मराठीवर अधिक विश्वास टाकला त्यालाच अधिक कठीण वाट, असा हा न्याय आहे!

दौंड तालुक्याला या कामाची एक जुनी परंपराही आहे, आणि तिचे स्मरण क्वचितच होते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतातून अनाथ मुली घेऊन केडगावला आल्या; १९०० च्या दुष्काळानंतर गुजरातेतील मुली आल्या. मुक्ती सदनाच्या आवारात एका वेळी मराठी, हिंदी, गुजराती बोलणाऱ्या मुली नांदत होत्या. रमाबाई स्वतः अनेक भाषा जाणणाऱ्या. उतारवयात बायबलचा मराठी अनुवाद करण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. त्यांनी अमेरिकेत फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचा अभ्यास केला होता, आणि केडगावात छापखाना उभा केला होता. त्यांच्या धर्मांतराविषयी कोणाचे काही मत असो. निरनिराळ्या मुलखांतून आलेल्या मुलांना एका छपराखाली शिकवायचे तर पद्धतीचा अभ्यास हवा आणि पुस्तके आपल्या हाताशी छापता यावीत, एवढे त्या विदुषीने सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

राज्यकर्त्यांचे मराठीप्रेम कमी आहे असे नव्हे. २०२० साली राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत मराठीचे अध्यापन सक्तीचे करणारा कायदा झाला. न पाळणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला, तेव्हा पेढे वाटले गेले. परंतु सक्तीने तास भरतात, भाषा येतेच असे नाही. शिक्रापूरच्या इंग्रजी शाळेत मराठी शिकविणाऱ्या बाईंना त्या कायद्याने विद्यार्थी दिले. त्यांना शिकवायचे कसे, हे सांगणारा कोणी दिला नाही. आणि परप्रांतीयांच्या मुलांसाठी आपण खर्च का करावा, असे विचारणाऱ्यांना एवढेच विचारावेसे वाटते की, ही मुले मोठी होऊन याच तालुक्यांत राहणार, तर त्यांनी कोणत्या भाषेत राहावे अशी आपली इच्छा आहे?

इंग्रजीची कथा याहून जुनी आणि अधिक परिचित आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. जून २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यातील सर्व शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यापूर्वी ते पाचवीपासून होते. निर्णयामागचा हेतू चांगला होता. श्रीमंताच्या मुलाला जे मिळते ते गरिबाच्या मुलाला का मिळू नये, हा सवाल बिनतोड होता. परंतु जो शिक्षक स्वतः पाचवीत ‘ए, बी, सी’ गिरवून भाषांतराच्या वहीतून इंग्रजी शिकला, त्याच्यावर सहा वर्षांच्या मुलाला इंग्रजी बोलायला शिकविण्याचे काम आले, आणि तयारी झाली ती अल्प मुदतीच्या वर्गांत. त्या जूनमध्ये पहिलीत बसलेली मुले आज तिशी ओलांडून गेली. ‘असर’ या देशव्यापी पाहणीत पाचवीच्या मुलांपैकी साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकणारी मुले २०१६ साली २४.७ टक्के होती आणि २०२२ साली २४.५ टक्के. आकडे देशाचे आहेत, परंतु आपल्या तालुक्यांतील शिक्षक ते पाहून चकित होणार नाहीत.

प्रयत्न झाले नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्याच्या ‘सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस’ने ‘वुई लर्न इंग्लिश’ ही श्राव्य पाठमाला केली आणि ती आकाशवाणीवरून शाळांपर्यंत गेली. तिची खुबी अशी की, मुलांबरोबर शिक्षकाचाही कान तयार होत असे, आणि त्याला विद्यार्थ्यांसमोर अडाणी ठरण्याचे भय उरत नसे. २०१६ साली राज्य शासन, टाटा ट्रस्ट आणि ब्रिटिश कौन्सिल यांनी काही जिल्ह्यांत ‘तेजस’ प्रकल्प सुरू केला. त्यात व्याख्यानांपेक्षा शिक्षकांच्या छोट्या गटांवर भर होता. गटाने ठराविक काळाने जमावे, एखादी कृती स्वतः करून पाहावी, वर्गात वापरावी आणि पुढील बैठकीत काय फसले ते सांगावे, अशी कल्पना होती. प्रौढ माणूस व्यवसाय शिकतो तो याच रीतीने. या प्रकल्पांचा दोष एकच, की ते प्रकल्प होते. करार संपला की समन्वयक जातो, साहित्य कपाटात जाते आणि नव्या नावाचे नवे काही येते. मराठी शाळांच्या शिक्षकांना अशा संक्षिप्त नावांची एक यादीच पाठ झाली आहे.

वास्तविक कायमची चौकट आपल्यापाशी आहे. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था स्थापन झाल्या. पुणे जिल्ह्याची संस्था लोणी काळभोरला, म्हणजे दौंडच्या वाटेवरच आहे. १९९४ सालापासून केंद्रप्रमुख आहेत, आणि केंद्रातील शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. कल्पना उत्तम होती. परंतु केंद्रप्रमुखांची पदे वर्षानुवर्षे मोठ्या संख्येने रिकामी राहिली, आणि परिषदेचा वेळ परिपत्रके वाचण्यात व माहिती भरून घेण्यात जाऊ लागला. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने प्रत्येक शिक्षकाने वर्षाला पन्नास तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. तास मोजणे सोपे असते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर चित्रफीत चालू ठेवून भाकरीचे पीठ मळता येते आणि प्रमाणपत्रही मिळते. दोन शिक्षकी शाळेतील एक शिक्षक प्रशिक्षणाला गेला तर दुसरा चार वर्ग सांभाळतो, ही साधी अडचण कोणत्याच धोरणात लिहिलेली नसते.

यात आता परीक्षेची भर पडली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालानुसार, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षा दोन वर्षांत उत्तीर्ण होणे आवश्यक ठरले. त्या परीक्षेच्या दीडशे गुणांपैकी तीस गुण ‘भाषा दोन’ला आहेत, आणि त्यांतील निम्मे भाषेच्या अध्यापनशास्त्राला. वीस वर्षे दुसरी भाषा शिकविणाऱ्याला तिचे शास्त्र परीक्षेच्या निमित्ताने प्रथमच वाचायला मिळावे, आणि तेही बाजारातील प्रश्नोत्तरांच्या गाइडातून, ही स्थिती शिक्षकाला लाज आणणारी नाही. ज्यांनी त्याला इतकी वर्षे काही दिले नाही त्यांना आणणारी आहे.

मग करावे काय? शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीचा दाखला लगेच पुढे केला जातो. गावाने जमीन दिली, शिक्षकांनी जीव ओतला आणि जिल्हा परिषदेची शाळा राज्यभर गाजली, हे खरे आहे. परंतु प्रत्येक गुरुजीने असामान्य व्हावे, या अपेक्षेवर कोणतेही खाते चालत नाही. सामान्य शिक्षकाला सामान्य दिवशी जमेल असे काही हवे.

त्यासाठी प्रथम शासनाने मान्य करावे की, काही शाळांत मराठी ही दुसरी भाषा आहे. ते मान्य झाले की पुस्तकांचा प्रश्न अर्धा सुटतो: अशा मुलांना पहिली एक-दोन वर्षे नेहमीच्या पुस्तकाच्या जोडीला सुलभभारतीच्या धर्तीचे साहित्य द्यावे, चित्रे व संभाषणे अधिक असलेले, आणि शिक्षकासाठी हिंदी, ओडिया, पारधी, बंजारा या भाषा मराठीहून कोठे वेगळ्या पडतात ते सांगणारी तीस-चाळीस पानांची हस्तपुस्तिका असावी. पारध्यांच्या बोलीसाठी त्याच समाजातील शिकलेल्या तरुणांना मानधन देऊन बोलवावे. शब्द त्यांच्याखेरीज कोण सांगणार? शिक्षण परिषदेचा निम्मा वेळ तेजसच्या गटांप्रमाणे वर्गातील कामासाठी राखून ठेवावा आणि तेथे परिपत्रक वाचण्यास सरळ मनाई करावी. संविधानाच्या ३५० अ या कलमाने आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाच्या मातृभाषेला दिलेले स्थान पाच भाषांच्या एका वर्गात अक्षरशः पाळता येत नाही, हे कबूल. परंतु मुलाची भाषा वर्गात बोलू देणे, तिचे दहा-वीस शब्द शिक्षकाने शिकणे, याला कोणाची मनाई नाही.

आणि डेक्कन कॉलेजच्या आवारातील केंद्राचे काय? तेथे पन्नास वर्षांहून अधिक काळ परभाषकांना मराठी शिकविण्याचा अनुभव साठला आहे, आणि तो शिरूर-दौंडपासून दोन तासांच्या अंतरावर आहे. दरवर्षी प्रत्येक तालुक्यातील चार-पाच शिक्षकांना तेथे तीन-चार आठवड्यांसाठी प्रतिनियुक्तीवर पाठवावे, लोणी काळभोरच्या संस्थेने त्यांच्या साहाय्याने पुढील वर्ग घ्यावेत, ही व्यवस्था केंद्र आणि राज्य यांच्यातील एका पत्रव्यवहाराने होण्याजोगी आहे. खर्च येईल तो मुख्यतः त्यांच्या जागी तेवढे आठवडे वर्ग सांभाळणाऱ्या बदली शिक्षकांच्या मानधनाचा. तो जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नातून करावा, की ज्या कारखान्यांच्या कामगारांची ही मुले आहेत त्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून घ्यावा, याचा निर्णय येत्या अंदाजपत्रकापूर्वी व्हायला हवा. जूनमध्ये शाळा भरतील तेव्हा रांजणगावच्या पहिलीच्या वर्गात पुन्हा नवी मुले येऊन बसलेली असतील.